कार्डाच्या टोकाची बारीक अक्षरं

नाशिकच्या एका कंपनीत वृंदा हिंगणे रुग्णांसाठी औषधांचं ॲप घडवत होती. प्रत्येक औषधाचं एक कार्ड, त्यावर गोळीचं नाव आणि उजव्या टोकाला बारीक अक्षरांत ‘उपाशीपोटी’ किंवा ‘जेवणानंतर’.

संचालक प्रतापराव घोरपड्यांना ती अक्षरं खुपली. “कार्ड कसं मोकळं दिसलं पाहिजे. टोकाचं बारीक वाचतं कोण? सगळ्या कार्डांवरून काढून टाका.”

“साहेब, रुग्ण ते बघूनच गोळी घेणार.”

“सगळ्या म्हणजे सगळ्या.”

वृंदाने मान डोलावली. ॲपमधली सगळी कार्डं एकाच साच्यातली होती, त्यामुळे एक बदल पुरला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना ॲप दाखवताना साहेबांनी ऐटीत ‘आमची माणसं’ हे पान उघडलं. वृंदा, शिपाई मारुती आणि स्वतः साहेब, तिघांच्या कार्डांवर नुसती नावं होती.

“माझं ‘संचालक’ कुठे गेलं?” साहेबांनी दरडावून विचारलं.

“ते टोकाला बारीक अक्षरांत होतं, साहेब,” वृंदा शांतपणे म्हणाली. “ते वाचतं कोण?”

डॉक्टर मंडळी खळखळून हसली. साहेबांनी घसा खाकरला. “परत लावा. सगळ्या कार्डांवर.”

वृंदाने तिथल्या तिथे साचा बदलला, आणि साहेबांच्या पदाबरोबर प्रत्येक गोळीची वेळही जागेवर आली.