कोपऱ्यावरचा चहा

शिरोलीच्या कारखान्यात संगणकाच्या सूचनांवर चालणारी नवी सीएनसी मशीन आली, पण मालक घोरपडे यांना एक गोष्ट खटकू लागली. लोखंड कापताना प्रत्येक कोपऱ्यापाशी तिचा वेग मंदावायचा.

"ही आळशी मशीन मला चालणार नाही," हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप घेऊन ते प्रोग्रॅमर निलांबरीवर डाफरले. "वेग कमी होता कामा नये आणि कोपराही काटकोनातच हवा. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका."

निलांबरीने जमिनीवर चौकोनात रंगवलेली पिवळी पट्टी दाखवली. "साहेब, या पट्टीवरून झपाझप चालून दाखवा. वळताना पाय पट्टीबाहेर नको आणि चहाही सांडायला नको."

"त्यात काय," म्हणत मालक निघाले. पहिल्या कोपऱ्यावर ते पट्टी सोडून गोल वळले. दुसऱ्यावर पाय पट्टीवरच राहिला, पण चहा शर्टावर आला. तिसऱ्या कोपऱ्यापाशी ते आपसूक हळू झाले.

"मशीनचंही असंच आहे," निलांबरी म्हणाली. "पहिल्यासारखी वळवली तर कोपरा गोल होईल, तिसऱ्यासारखी वळवली तर वेळ लागेल. दुसऱ्यासारखी वळवायची, तर ती हिसक्याने बिघडेल, आणि तिच्याकडे बदलायला शर्ट नाही."