सहज आलो

झाडंसुद्धा एकमेकांची विचारपूस करत, त्या काळातली ही गोष्ट. रानातल्या सार्वजनिक पाणवठ्याचा कारभार साळिंदराकडे आला. आधीचं कारभारी कासव जाता जाता म्हणालं, "अधूनमधून वरच्या डोहावर, बांध सांभाळणाऱ्या पाणमांजराकडे जात जा. काम नसलं तरी."

काम नसताना? साळिंदराला हसूच आलं. कासव तिथे नुसतं गप्पा हाणत बसायचं, हे त्याने पाहिलं होतं. रानाचा वेळ असा घालवणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्याने काठ झाडून लख्ख केला, पिण्याच्या पाळ्या लावून दिल्या. कारभार अगदी चोख.

मग एका उन्हाळ्यात पाणवठा आटू लागला. साळिंदर धापा टाकत डोहावर पोचलं. "पाणमांजरभाऊ, बांध थोडा उघडा हो!"

"अहो, आधी कळवायचं ना!" पाणमांजर कळवळून म्हणालं. "जादा पाणी परवाच पलीकडच्या रानाला सोडलं. तिथली मुंगूसताई येऊन-जाऊन असते, बोलता बोलता तिची अडचण समजली. तुमच्याकडची कोण सांगणार?"

जनावरं पाणी शोधत दूर निघून गेली. म्हाताऱ्या कासवाला तेवढं चालवलं नाही.

पावसाळ्यात पाणवठा तुडुंब भरला. साळिंदर पुन्हा डोहावर गेलं. पाणमांजर लगबगीने उठलं. "या, या. काय काम काढलंत?"

"काही नाही. सहज आलो."

"बरं," म्हणून पाणमांजर समोर बसलं, आणि साळिंदर कामाचं कधी बोलतंय याची वाट बघत राहिलं.