मांजराएवढी टेकडी

एकदा काय झालं, एका राजाच्या नगरात टक् टक् टक् असा थापीचा आवाज घुमला. केरबा गवंडी म्हातारा झाला, तरी तो आवाज त्याच्या कानातून गेला नाही. थापी त्याच्याच हातात होती, बरं का. शाळेच्या खिडक्या बुजवायला राजानं त्याला लावलं होतं.

राजाचं म्हणणं, पोरं खिडकीतून समोरची टेकडी बघत बसतात, मग शिकायची कधी? झालं. तिन्ही खिडक्या बुजल्या. मैदानाला कुलूप लागलं. पोरं दिवसभर दिव्यापाशी, पुस्तकात नाक खुपसून.

आता ती टेकडी होती पोरांच्या नजरेवर वाढणारी. नजर मिळेना, मग ती रोडावली. पहिल्या वर्षी घराएवढी झाली, दुसऱ्या वर्षी म्हशीएवढी, तिसऱ्या वर्षी मांजराएवढी. राजा म्हणाला, टेकडी चोरीला गेली. शिपाई लोकांच्या धान्याच्या कणग्या उघडून टेकडी शोधत हिंडले.

इकडे केरबाची नात गिरजा फळ्यावरचं चुकीचं उतरवायला लागली. गुरुजी म्हणाले, "आळशी आहेस. उद्यापासून येऊ नको." पोरं म्हणाली, "आली आंधळी कोशिंबीर."

गिरजा रडत घरी आली. बघते तर उंबऱ्यावर टेकडी बसलेली.

"केरबा," टेकडी म्हणाली, "भिंतीचा एक थर झाला की तू काय करतोस?"

"मागं सरतो. लांबनं बघतो. मग पुढचा थर."

"आणि पोरांनी मान वर करायची नाही होय?"

केरबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातोडा घेऊन तो शाळेत गेला. मागोमाग गिरजा, गिरजामागं टेकडी. पहिली खिडकी फोडली, टेकडी म्हशीएवढी झाली. दुसरी फोडली, घराएवढी झाली. तिसरी फोडली आणि टेकडी जागेवर जाऊन उभी राहिली, पहिल्यासारखी.

राजा धावत आला. "कुणाच्या हुकमानं फोडल्या?"

"बुजवल्या तुमच्या हुकमानं. फोडल्या माझ्या."

"बरं, टेकडी आली ना परत? मग मिटलं."

केरबानं गिरजाला खिडकीत उभं केलं. "बाय, टेकडी दिसती का?"

"कुठं आहे, आबा?"

केरबा कधी मोठ्यानं बोलायचा नाही. तेव्हाही हळूच म्हणाला, "महाराज, टेकडी आली, हिची नजर नाही यायची. हिला आता चष्मा लागणार. बुजवायला सांगितलं तुम्ही, बांधलं मी, आणि आळशी कोण, तर ही? धाकट्यांची नजर तरी राखा. एक पान झालं की मान वर, लांब बघायचं. आणि रोज दोन तास उघड्यावर खेळायचं. हे गवंड्याला कळतं, तुम्हाला कळू नये?"

गुरुजींनी मान खाली घातली आणि गिरजाला पहिल्या रांगेत बसवलं. मग चष्मेवाला आला. गिरजानं चष्मा चढवला, खिडकीतून बघितलं, बराच वेळ बघितलं. मग राजाकडे वळून म्हणाली,

"महाराज, सगळ्यांना इथनं टेकडीवरच्या गाईंची शिंगं दिसतात?"

राजानं मैदानाची किल्ली केरबाच्या हातात ठेवली आणि चालता झाला.

पोरं मात्र त्या मैदानात अजून खेळतात, सुखात आहेत. चला, मिटा डोळे, डोळ्यांनाही निजू द्या.