तांबडगडचं नाणं

त्या दिवशी धुकं असं दाट पडलं होतं, बरं का, की कोंबड्याला सूर्य सापडेना. दिवस चांगला वर आला तरी तो आपला गप्प. गाई गोठ्याच्या दाराशी येऊन परत आत जायच्या. अशा त्या धुक्यातून टपटप टापा वाजवत एक जासूद तांबडगडात शिरला. पलीकडच्या राजाचा जासूद तो.

त्यानं हैबतराजाला सांगितलं, "आमचे महाराज म्हणतात, तुमच्या बाजारात आमचं नाणं चालतं, मग राज्यही आमचंच की. दिवाळीच्या बाजारात तुमचं स्वतःचं नाणं दिसलं, तर ठीक. नाही दिसलं, तर गडाच्या किल्ल्या तयार ठेवा."

झालं. आता नाणं पाडायचं कशाचं? गडामागच्या डोंगरात तांबं होतं, पण ते डोंगराईचं. मग राजा अनवाणी गेला, नारळ ठेवला, हात जोडले. डोंगराई आतून बोलली, "ने बाबा, हवं तेवढं ने. पण माझं तांबं जिवंत आहे. त्याच्यावर जे कोराल ते जागं होईल. मग माझ्याकडे तक्रार आणू नका."

राजानं केरोबाला बोलावलं. केरोबा म्हणजे ठसे कोरणारा. एकटा जीव, हळू बोलणारा, पण एकदा कामाला बसला की ढोल वाजवले तरी मान वर करायचा नाही.

"केरोबा, नाण्यावर माझाच चेहरा कोर," राजा म्हणाला. "जागा होईना का! घराघरात मी असेन, सगळ्यांची विचारपूस करीन."

केरोबानं चेहरा कोरला. मिशीचा पीळसुद्धा सोडला नाही. मग ठशावर घण पडले, नाणी निघाली, बाजारात गेली. एका म्हाताऱ्यानं मिठाच्या दुकानात नाणं पुढे केलं. तर नाण्यानं डोळे वटारले, "काय रे, राजाला देऊन टाकतोस? मिठासाठी?"

म्हाताऱ्यानं घाबरून हात मागे घेतला. कुणी नाणं कनवटीला लावलं, तर आतून ओरडा, "अरे, जीव गुदमरतोय माझा!" कुणी देव्हाऱ्यात ठेवलं, तर म्हणे, "इथे वारा नाही." शेवटी लोक नाण्यांना पंखा घालत बसले. खरेदी नाही, विक्री नाही. सगळा बाजार हात जोडून उभा!

राजा खजील झाला. केरोबा म्हणाला, "पुन्हा कोरतो, महाराज."

मग सेनापती मिशीवर ताव देत उठले. "घोडा कोर! नाणं कसं धावलं पाहिजे!"

केरोबानं घोडा कोरला. मान वाकडी, शेपूट हवेत. आणि धावलं की हो नाणं! मुठीतून उसळी मारली, ज्वारीच्या राशीवरून उडी मारली, आणि तबडक तबडक वेशीबाहेर. एकामागून एक सगळीच पळाली. मागे लोक, लोकांच्या मागे कुत्री, आणि सगळ्यांच्या मागे सेनापती, पागोटं सांभाळत. एकही नाणं सापडलं नाही.

दिवाळी जवळ येत चालली. पण केरोबाचं आपलं तेच, "पुन्हा कोरतो."

मग राणीसाहेब म्हणाल्या, "एक जागचं हलेना, एक जागेवर राहीना. तू आंब्याचं झाड कोर, केरोबा. शांत असतं बिचारं."

केरोबानं झाड कोरलं. पानन् पान वेगळं. वाण्यानं नाणं घेऊन फळीवर ठेवलं, तर त्याला फुटली मुळं! फळीत शिरली, भिंतीत शिरली. बाजारात आणलेलं नाणं जिथे टेकलं तिथे रुजलं. वाणी एक पाय भिंतीला लावून ओढतोय, वाणीण त्याला ओढतेय, पण नाणं काही सुटेना. वर मोहोर आला, त्यावर माश्या घोंघावायला लागल्या.

आता मात्र राजा डोकं धरून बसला. "केरोबा, परवा दिवाळीचा बाजार. तो जासूद येऊन बसलाय, आमच्याच पाटावर आमचाच फराळ खातोय. आता काय कोरशील?"

"ठाऊक नाही, महाराज," केरोबा म्हणाला. "पण कोरणार."

असं म्हणून तो घरी आला. चूल थंड. सकाळपासून पोटात काही नाही. एवढ्यात शेजारच्या सगुणाकाकू वाटी घेऊन आल्या. वाटीत गरम अनारसे.

"भावजी, राज्य जायचं तेव्हा जाईल. आधी खा."

केरोबानं खाल्लं. वाटी धुतली, पुसली आणि परत द्यायला निघाला. दाराशी गेला आणि थबकला. शेजारणीची वाटी रिकामी कशी द्यायची? आपल्याकडे कुणी देतं का? नाही ना. मग तो माघारी फिरला. डबे पाहिले, मडकी पाहिली, सगळं खडखडीत. शेवटी परसातल्या लिंबाला लिंबं दिसली. ती त्यानं तोडली, वाटीत ठेवली.

आणि तसाच वाटीकडे बघत उभा राहिला.

ही वाटी दिली की जाते. रुसत नाही. ठेवली तिथे राहते, पळत नाही. पण मुक्कामही ठोकत नाही, परत निघते. आणि निघताना हात हलवत निघत नाही. राज्य बुडायला आलं, तरी तिनं आपल्याला लिंबं तोडायला लावलीच!

केरोबा वाटी घेऊन जो निघाला, तो थेट टांकसाळीत. वाटी समोर ठेवली आणि कोरायला बसला.

राजानं ठसा पाहिला. "वाटी? अरे, राज्याच्या नाण्यावर वाटी? पलीकडचा राजा हसेल मला!"

"हसू दे, महाराज. मी दुसरं कोरणार नाही."

राजाच्या भुवया चढल्या. मग राणीसाहेबच म्हणाल्या, "आपल्याकडे आलेलं ताट आपण कधी रिकामं पाठवलंय का? मग यात हसण्यासारखं काय आहे?"

राजानं जरा विचार केला. "पाडा नाणी," तो म्हणाला.

दिवाळीचा बाजार भरला. नाणं मिठवाल्याकडे गेलं, मिठवाल्याकडून कोष्ट्याकडे, कोष्ट्याकडून तेल्याकडे. कुणाच्या हातात ओरडलं नाही, पळालं नाही, रुजलं नाही. जासूद खो खो हसला. "वाटी म्हणे!" त्यानं एक नाणं उचललं, आपल्या राजाला दाखवायला नेलं, आणि त्या राजानं ते फुकटात पेटीत टाकलं.

मग पेटीत काय झालं, ठाऊक आहे? वाटी वाजायला लागली. टण, टण, टण. रिकामी ना ती! राजानं पेटीवर उशी ठेवली. टण, टण. गादी ठेवली. टण, टण. ज्यानं घेतलं त्यानं काहीतरी द्यावं, एवढंच तिचं म्हणणं. शेवटी तो कंटाळला आणि मिठाच्या गाड्या भरून नाण्याबरोबर तांबडगडाला पाठवल्या. वर निरोप दिला, "किल्ल्या तुमच्या तुमच्याकडेच ठेवा, पण हिला आवरा."

मग काय, तांबडगडचे लोक आपल्या नाण्यानं सुखात राहिले. पलीकडचेही राहिले. तुम्हीही आता पांघरूण ओढा, डोळे मिटा. एवढंच राहिलं, ते मिटल्या डोळ्यांनी ऐका.

राजानं केरोबाला शेला दिला, पालखीतून घरी पाठवला. पालखी दारात उतरली. केरोबा शेला सावरत खाली आला, तर सगुणाकाकू कमरेवर हात ठेवून उभ्या. त्या म्हणाल्या, "भावजी, राज्य वाचवलंत, फार चांगलं केलंत. आता माझी वाटी द्या. आणि रिकामी देऊ नका, बरं का."