बोल्ट की फुंकणी?

नाशिकजवळच्या एका कारखान्यात नवं टर्बाइन इंजिन घडत होतं. त्याच्या आगीच्या कप्प्यातले बोल्ट दर चाचणीत जळत. आता पुन्हा जळले, तर सहा वर्षांची मेहनत भंगारात जाणार होती. मुख्य अभियंते डॉ. रणदिवे यांचं एकच पालुपद, "आणखी जाड बोल्ट लावा!"

फिटर यमुनाबाई धोंगडे यांनी मात्र प्रत्येक बोल्टला आरपार बारीक भोक पाडून आणलं. बाहेरची थंड हवा त्यातून आत जाणार होती.

रणदिवे सगळ्यांसमोर हसले. "बाई, हा बोल्ट आहे की चुलीची फुंकणी?"

"फुंकणीच, साहेब! लोखंडाची असून विस्तवात तोंड घालते, तरी फुंकणाऱ्याचे ओठ कधी पोळलेत? तिच्या पोटातून वारा जातो. तिथंच भरीव सळई घालून बघा, हातात धरवणार नाही. मग ती कितीही जाड असो."

रणदिव्यांनी एक बोल्ट उचलून भोकातून आरपार पाहिलं. "लावा," एवढंच म्हणाले.

चाचणीनंतर इंजिन उघडलं. भोवतालचा पत्रा भाजून निळा पडला होता, पण त्यात सगळे बोल्ट चांदण्यांसारखे लखलखत होते. पोलाद वितळवणारी ती आग, आणि तिला अडवलं कुणी? नुसत्या वाऱ्यानं!

रणदिव्यांनी बोल्टच्या आराखड्यावरचं आपलं जाडीचं माप खोडलं आणि पेन यमुनाबाईंपुढे धरलं. "भोक केवढं, ते तुम्हीच लिहा."