हजर नसलेल्याची सही

“म्हणजे आता तरी मी निर्दोष ना, सर?”

डॉ. सुहास तगारेने पेढ्यांचा पुडा गोवंडे सरांपुढे ठेवला. वीस वर्षांपूर्वी सरांनीच त्याला रोग्याला भूल द्यायला शिकवलं होतं. आता सर ऐंशीच्या पुढे गेलेले, कृष्णाकाठच्या एका मठात खाटेवर पडून. दिसत जवळजवळ नव्हतंच.

“कोर्ट काय म्हणालं?”

“वैद्यक परिषदेचा निकाल रद्द. दोन वर्षांची बंदी उठली. मी मोकळा.”

“रद्द कशावरून?”

“समितीत तिघं होते. त्यातला एक सुनावणीला आलाच नव्हता, तरी निकालाखाली त्याची सही. आमच्या वकिलांनी बरोबर पकडलं!”

तो खूश होता. इतका, की ऐकणाऱ्याला लाज वाटावी.

“जो हजर नव्हता, त्याची सही चालत नाही...”

“अगदी हेच, सर!”

“बरोबर आहे कोर्टाचं.”

सरांनी पेढ्यांचा पुडा चाचपून बाजूला सारला.

“आणि वैजयंताबद्दल काय म्हणालं?”

सुहासने मान खाली घातली. वैजयंता कोळेकर, सव्वीस वर्षांची, पहिलटकरीण. सिझेरियनसाठी तिच्या कमरेत भुलीचं इंजेक्शन देऊन हा दुसऱ्या दवाखान्यात निघून गेला होता. आमच्याकडे हे सर्रास चालतं. भूल देणारा एक, दवाखाने चार, आणि खाली चालू ठेवलेली गाडी. तो परत आला तेव्हा बाळ रडत होतं आणि आई गेली होती.

“अपिलात ते बघत नाहीत, सर. चौकशी रीतसर झाली का, एवढंच बघतात.”

“मग मला कशाला विचारतोस?”

“तुम्ही एकदा निर्दोष म्हणालात, तर... झोप लागेल मला.”

सरांनी हात पुढे केला. मनगट काडीसारखं.

“नाडी धर. मी डोळे उघडेपर्यंत सोडू नकोस. मग सांगतो.”

सुहास उशाशी बसला, मनगटावर बोटं टेकवली. सरांनी डोळे मिटले.

एक मिनिट गेलं. दोन गेली. नाडी बारीक होती, मधूनच चुकत होती...

खिशातला फोन वाजला.

“हो, उठली बंदी. आजच कळलं... टेबलवर घेतलंय? निघालोच.”

बोटं मनगटावरून कधी सुटली, त्याचं त्यालाही कळलं नाही. दारात जाऊन तो वळला.

“केस आहे, सर. आलोच दहा मिनिटांत.”

सरांचे डोळे मिटलेलेच होते.

“कमरेखालचीच भूल होती ना रे तिची? म्हणजे जागी होती... तिनंही हेच ऐकलं असेल.”