घाटावरचा नंदी आणि चौकातलं घड्याळ

नदी आपल्या मनाने वाहायची त्या काळी तिच्या काठावर दोन शहरं लागून वसली होती, थोरलं आणि धाकटं. धाकट्याच्या घाटावर दगडी नंदी होता. पाणी त्याच्या खुरांना लागलं की दुकानं आवरायची, वशिंडाला लागलं की टेकडी गाठायची, असा तिथला रिवाज.

थोरल्याने नदीकडे उंच भिंत बांधली. भिंतीआडून चौकातलं घड्याळ ऐकवायचं, "नंदीबुवा, अख्ख्या मुलखाला वेळ आम्ही सांगतो. तुम्ही नुसते भिजत बसता."

"बसतो खरा," नंदी म्हणायचा.

एका श्रावणात भर दुपारी भिंतीतून पाणी झिरपू लागलं. पलीकडे नदी किती चढली, कुणालाच दिसेना. घड्याळाने हाक मारली, "नंदीबुवा, निघायची वेळ झाली का?"

"झाली," वशिंडापर्यंत बुडालेला नंदी म्हणाला. "आमची माणसं टेकडीवर पोचली. तुमच्यांसाठी जागा धरून ठेवलीय."